रांगांचा हिशेब आधी, ग्रँटचा नंतर

प्रश्न : आमच्या झेन (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) सर्व्हरवर चाळीस गेस्ट, म्हणजे आभासी यंत्रे, आहेत, प्रत्येकाला चार व्हर्च्युअल सीपीयू आणि एक डिस्क. डिस्कवरचा भार वाढला की डोम-झीरोची (गेस्टच्या डिस्क सांभाळणाऱ्या मुख्य आभासी यंत्राची) मोकळी मेमरी आटते. पर्सिस्टंट ग्रँट बंद करावे काय?
– एक वाचक

उत्तर : बंद केल्याने मेमरी सुटेल, पण पहिला हात तिथे घालू नये. ग्रँट म्हणजे गेस्टने आपली मेमरी-पेजेस वापरू देण्याची परवानगी; पर्सिस्टंट ग्रँट म्हणजे ती टिकवून ठेवणे. लिनक्स ३.८ पासून (२०१३) आलेल्या या सोयीत बॅकएंड (डिस्कच्या विनंत्या पुऱ्या करणारा डोम-झीरोतला भाग) गेस्टची पेजेस एकदाच मॅप करून, म्हणजे आपल्या मेमरीत जोडून, धरून ठेवतो. ती नसेल तर प्रत्येक विनंतीला मॅप, अनमॅप आणि त्यापाठोपाठ टीएलबी (सीपीयूतली मेमरी-पत्त्यांची तात्पुरती यादी) फ्लश करावे लागते, आणि चाळीस गेस्ट एकदम लिहू-वाचू लागले की तोच खर्च जड होतो. त्याच्या बदल्यात गेस्टला डेटा राखीव पेजेसमध्ये कॉपी करावा लागतो.

आता मेमरी कुठे जाते ते पाहू. मुळात एका रिंगमध्ये (गेस्ट आणि बॅकएंड यांच्यातल्या विनंत्यांच्या सामायिक यादीत) ३२ विनंत्या आणि प्रत्येकीत ११ सेगमेंट (डेटाचे पेजभर तुकडे), म्हणजे प्रत्येकी ४ केबीची ३५२ पेजेस, जेमतेम १४०८ केबी. पुढे इनडायरेक्ट डिस्क्रिप्टर (सेगमेंटची यादी वेगळ्या पेजमध्ये ठेवण्याची सोय) आले, तेव्हा विनंतीमागे ३२ सेगमेंट व डिस्क्रिप्टरचे एक पेज धरून मर्यादा १०५६ पेजेसवर, म्हणजे ४२२४ केबीवर गेली. मग मल्टी-क्यू (एका डिस्कला अनेक रांगा, प्रत्येकीची वेगळी रिंग) आले आणि हीच मर्यादा प्रत्येक रांगेला स्वतंत्रपणे लागू झाली. तुमच्या गेस्टच्या चार सीपीयूंच्या चार रांगांचे साडेसोळा एमबी, गुणिले चाळीस : पूर्ण भाराखाली ६६० एमबीपर्यंतची मॅपिंग डोम-झीरोला सांभाळावी लागतात. खरा फुगवटा रांगांचा आहे.

म्हणून डोम-झीरोत ब्लॉक-बॅकएंडच्या रांगांची कमाल संख्या एक किंवा दोन करावी. गेस्ट पुन्हा सुरू झाल्यावर ती लागू होते. फिरत्या डिस्कवर एका रांगेने फारसे बिघडत नाही. जलद एसएसडीवर मात्र मोजूनच ठरवावे. तरीही मेमरी कमी पडली, तर पर्सिस्टंट ग्रँटची कमाल संख्या उतरवावी. ती चालू यंत्रावरही बदलता येते, आणि मर्यादेपलीकडच्या विनंत्या अडत नाहीत, फक्त जुन्या पद्धतीने मॅप-अनमॅप होतात.

सोय पूर्ण बंद करणे मला एकाच स्थितीत पटते : गेस्ट मोजके, डिस्क जलद, आणि गेस्टचा सीपीयू कॉपी करण्यातच गुंतलेला.

पुढे एकाच गेस्टला अनेक डिस्क जोडणार असाल, तर ग्रँट टेबलही (गेस्टने दिलेल्या ग्रँटची नोंदवही) तपासावे. तिच्या ६४ फ्रेममध्ये (पानांमध्ये) ३२,७६८ नोंदी मावतात आणि चार रांगांची एक डिस्क ४,२२४ पर्यंत खाते. आठव्या डिस्कला जागा उरत नाही, नेटवर्क कार्डाच्या नोंदी तर वेगळ्याच.