ब्रिटनमध्ये नैसर्गिक वायूचे काम करणाऱ्या इंजिनिअरला एलपीजीची पात्रता कशी जोडता येते?

आपले घरगुती नैसर्गिक वायूचे सीसीएन१ प्रमाणपत्र मुदतीत असेल, तर सारे पुन्हा करावे लागत नाही. कॉनजीएलपी१ हे पूरक मूल्यांकन द्यावे, मात्र कायमची घरे, पार्क होम (वसाहतीत उभी केलेली, हलवता येण्याजोगी राहती घरे), कॅराव्हॅन (सुटीसाठीची फिरती घरे) की बोटी, यांपैकी कोठे काम करणार हे आधी ठरवावे, कारण पात्रता त्यानुसारच मिळते. अभ्यासात खरा भर गळतीवर द्यावा: नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, तर एलपीजी म्हणून वापरला जाणारा प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळघरात, गटारात किंवा बोटीच्या तळाशी साचून राहतो, आणि हा फरक अंगात भिनलाच पाहिजे. दाबही निराळा असतो: नैसर्गिक वायूला २१, प्रोपेनला ३७ मिलिबार. गॅस सेफ रजिस्टर या गॅस इंजिनिअरांच्या अधिकृत नोंदवहीत नवी पात्रता नोंदली जाईपर्यंत एलपीजीचे एकही काम स्वीकारू नये.