आधी फरशी बघ

प्रिय मित्रा,

फोटो मिळाला. जिन्यातल्या दिव्याखाली बसलेला हिरवागार, गुलाबी-पांढऱ्या नक्षीचा पतंग म्हणजे कण्हेरीचा हॉक मॉथच, शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. 1758 साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने त्याचं नामकरण केलं. ‘नेरी’ हे कण्हेरीवरून. ओळख चोख आहे. फक्त वहीत ‘आमच्या सोसायटीत राहतो’ लिहिलंस ते खोड. ‘दिसला’ लिही.

हा पठ्ठ्या भटका आहे. आफ्रिका, भारत, आग्नेय आशिया हा त्याचा मुलूख. पण उन्हाळ्यात भूमध्य समुद्र ओलांडून तो युरोपात शिरतो, क्वचित ब्रिटनपर्यंतही पोचतो. तिथे अंडी घालतो, अळ्याही होतात, पण थंडी निभत नाही. पुढच्या वर्षी दक्षिणेकडून पुन्हा नवे येतात. एका रात्रीच्या फोटोवरून यातलं काय कळणार? म्हणून अळी शोध, आणि ती कुठल्या महिन्यात मिळाली ते टिपून ठेव.

अळी झाडावर शोधायची नाही, आधी फरशी बघायची. तगरीखाली मिऱ्याएवढ्या, खाचा पडलेल्या काळपट लेंड्या दिसल्या की मग मान वर. कण्हेर, सदाफुलीही बघ, पण माझा अनुभव तगरीचा. अंड्यातून निघते तेव्हा अळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, पिवळी, शेपटीवर लांब काळं शिंग. मोठी होते तशी हिरवी होते, बोटाएवढी. डिवचलीस तर डोकं आत ओढून मानेकडचा भाग फुगवते आणि दोन निळसर पांढरे ‘डोळे’ तुझ्याकडे वटारते. ते खरे डोळे नव्हेत. तरी पहिल्यांदा मी हात मागे घेतला होता!

माझी एक चूक सांगतो. पाळलेली अळी एका सकाळी तपकिरी पडली, खाणं सोडून डब्यात सैरावैरा फिरू लागली. आजारी समजून मी ती बाहेर टाकली. ती बिचारी कोष करायला जागा शोधत होती. तू डब्यात सुका पाला घाल. पाल्यातच ती विरळ रेशमाचं घर करते. पाणी शिंपडत बसू नकोस, बुरशी धरते. आणि एक खरखरीत काडी तिरकी उभी कर. बाहेर आलेल्या पतंगाला लोंबकळून पंख पसरायला जागा लागते, नाहीतर ते चुरगळलेलेच वाळतात.

कण्हेरीची पानं तोडलीस तर हात साबणाने धू, चीक विषारी असतो.

आणि हो, तळमजल्यावरच्या काकूंना अळी आजच दाखव. त्या रविवारी तगरीवर औषध मारतात, असं तूच लिहिलं आहेस.

तुझा,
काका