गावातले जुने फोटो पुढच्या पिढीसाठी कसे जपावेत?

कोकणातल्या तुमच्या गावात घरोघरी जुने फोटो पडून आहेत, ते जपायचे कसे, असा प्रश्न आहे. स्कॅनर आणण्याआधी माहिती गोळा करा. फोटोतली माणसं ओळखणारे आजी-आजोबा आहेत तोवर नावं, अंदाजे साल, जागा विचारून घ्या आणि ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. नाहीतर पुढे उरतात ते नुसते 'कुणीतरी फेटेवाले'. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनच्या दाबाचे वळ समोरून दिसतात.

कोकणात खरा वैरी म्हणजे दमट हवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. बुरशी आलेले फोटो वेगळे ठेवा, ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका. आणि ते चिकट पानांचे अल्बम! फोटोंची वाट लावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्याऐवजी आम्लविरहित कागदाची पाकिटं वापरा.

स्कॅन निदान ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये, म्हणजे बारकावे न गमावणाऱ्या फाइल प्रकारात. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत जतनाच्या कामाची नाही, तिथे फोटोतला बारकावा जातो. तीन प्रती ठेवा, त्यातली एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे. निगेटिव्ह सापडल्या तर त्या आधी स्कॅन करा.

विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, फोटो टाकायचे असतील तर घरच्यांची परवानगी घ्या आणि कॉपीराइट तपासा. भारतात छायाचित्राचा हक्क २०१२ पर्यंत प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकायचा; त्या वर्षीच्या कायदादुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मूळ फोटो मात्र ज्याचे त्याला लगेच परत करा, म्हणजे शेजारचे लोकही विश्वासाने ट्रंका उघडतील.