जॉर्डन हेंडरसनला लिव्हरपूलचा लेजेंड म्हणायचं का?

म्हणायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा हा माजी कॅप्टन आणि मिडफिल्डर. त्याच्या विरोधात तीन मुद्दे मांडले जातात: गोल फारसे नाहीत, पास बहुतेक आडवे नाहीतर मागे, आणि शेवटी पैशासाठी सौदीला गेला. पहिले दोन मला मान्य नाहीत. तिसऱ्यात दम आहे, पण त्याकडे नंतर वळतो.

गोलांचा मुद्दा आधी संपवून टाकू. 12 हंगामांत 492 सामने आणि 33 गोल. त्याच्या आधीचा कॅप्टन स्टीव्हन जेरार्ड, त्याचे 710 सामन्यांत 186. जेरार्डचीच पट्टी लावायची ठरवली तर क्लबच्या इतिहासातले जवळपास सगळेच मिडफिल्डर नापास होतील. झाबी अलोन्सोचं घ्या. लिव्हरपूलमध्ये तो पाचच हंगाम खेळला, लीग त्याला कधी मिळाली नाही, पण त्याला लेजेंड म्हटलं तर कोणी हरकत घेत नाही. 2005 च्या इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्याने बरोबरीचा गोल केला होता हे खरंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे त्याचा खेळ डोळ्यांना सुखावायचा. हेंडरसनचा सुखावत नव्हता. त्याची धावण्याची ढब बघूनच मँचेस्टर युनायटेडला शंका आली होती, असं त्यांचे तेव्हाचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी खुद्द लिहून ठेवलंय. देखणेपणाचे गुण आपण नकळत देऊन टाकतो आणि न दिसणाऱ्या कामाचे कापतो.

आता ते आडवे पास. मॅनेजर युर्गन क्लॉपच्या संघात गोलसंधी तयार करायचं काम मुळात मिडफिल्डकडे नव्हतंच, ते दोन्ही फुलबॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूंकडे होतं. 2018-19 च्या प्रीमियर लीगमध्ये अलेक्झांडर-अर्नोल्डचे 12 असिस्ट (गोल करून देणारे पास) होते आणि रॉबर्टसनचे 11. बचावपटूंचे हे आकडे आहेत! अर्नोल्ड उजवीकडून पुढे गेला की त्याच्यामागे मैदानाचा मोठा पट्टा मोकळा पडायचा. तिथे कोण धावत यायचं? बहुतेक वेळा हेंडरसन. उजवीकडचा आक्रमक सालाह आत घुसला की त्याने सोडलेली बाजू कोण धरायचं? पुन्हा तोच. चेंडू गेला की पहिला दबाव टाकायचा, मिळाला की साधा पास देऊन पुन्हा जागेवर यायचं. हायलाइट्समध्ये यातलं काहीच येत नाही. पूर्ण सामना बघताना चेंडू सोडून फक्त 14 नंबरच्या जर्सीवर दहा मिनिटं नजर ठेवा, मी काय म्हणतोय ते दिसेल.

शिवाय कित्येक वर्षं तो त्याच्या आवडीच्या जागी खेळतही नव्हता. क्लॉपने त्याला बचावफळीच्या पुढे, सहा नंबरच्या, म्हणजे बचावात्मक मिडफिल्डरच्या भूमिकेत ठेवलं होतं. त्या जागेसाठी फॅबिन्यो आल्यावर हेंडरसनने स्वतः क्लॉपकडे जाऊन पुढे खेळायचंय असं सांगितलं. त्यानंतर एप्रिल 2019 मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध 1-1 असताना तो बदली म्हणून उतरला, सालाहच्या गोलला असिस्ट दिला आणि तिसरा गोल स्वतः केला. पुढच्याच महिन्यात अॅनफिल्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर, बार्सिलोनाला 4-0 हरवलं, त्यातला पहिला गोल ओरिगीच्या नावावर आहे, पण आत घुसून मारलेला मूळ शॉट हेंडरसनचा होता. गोलकीपरने तो अडवला आणि चेंडू ओरिगीच्या पायात पडला. गुडघा दुखावलेला असूनही तो त्या रात्री शेवटपर्यंत खेळला.

माझ्यासाठी खरा निकष मात्र वेगळा आहे. 2015 मध्ये जेरार्ड क्लब सोडून गेल्यावर कॅप्टनची आर्मबँड कोणाच्या दंडावर बांधायची हा प्रश्न होता, आणि ती ज्याला मिळाली त्याचा तोवरचा प्रवास आठवा. 2011 मध्ये संडरलँडहून आला. 2012 मध्ये तेव्हाचा मॅनेजर ब्रेंडन रॉजर्सने त्याला फुलहॅमला देऊन क्लिंट डेम्प्सीला आणायचा घाट घातला होता. हेंडरसनने जायला नकार दिला. 2014 मध्ये लीग हाताशी आलेली असताना मँचेस्टर सिटीविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याला रेड कार्ड मिळालं आणि तो तीन सामने बाहेर बसला. त्या तीनमधलेच दोन चेल्सी आणि क्रिस्टल पॅलेसविरुद्धचे. लीग दोन गुणांनी गेली. चेल्सीविरुद्ध जेरार्ड पाय घसरून पडला आणि त्यातून गोल बसला, सगळे त्याबद्दल बोलतात, पण मिडफिल्डमध्ये त्या दिवशी कोण नव्हतं हे फारसं कोणी बोलत नाही.

असा माणूस जेरार्डनंतर कॅप्टन झाला आणि आठ वर्षं राहिला. पहिली काही वर्षं वाईट गेली, फायनलमागून फायनल हातातून निसटल्या. मग 2019 मध्ये माद्रिदला चॅम्पियन्स लीग, त्याच वर्षी सुपर कप आणि क्लब वर्ल्ड कप, 2020 मध्ये 99 गुणांसह 30 वर्षांनी लीग, 2022 मध्ये लीग कप आणि एफए कप. या सहाही स्पर्धा कॅप्टन म्हणून जिंकणारा लिव्हरपूलचा तो पहिलाच. त्या संघात त्याच्याहून सरस खेळाडू बरेच होते, सालाह, व्हॅन डाइक, अॅलिसन, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण ते सगळे ज्याचं ऐकायचे तो हा होता.

एप्रिल 2021 मधली गोष्ट तर मला एखाद्या ट्रॉफीइतकीच मोठी वाटते. लिव्हरपूलच्या मालकांनी मोठ्या क्लबांच्या वेगळ्या युरोपियन सुपर लीगमध्ये सामील व्हायचं ठरवलं, तेव्हा हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी जाहीर निवेदन टाकलं: हे आम्हाला आवडलेलं नाही, आणि हे व्हावं असं आम्हाला वाटत नाही. पगार देणाऱ्या मालकाविरुद्ध असं उघड बोलायला धमक लागते. त्याच्या वर्षभर आधी, कोविडच्या सुरुवातीला, ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी निधी जमवायला प्रीमियर लीगच्या सगळ्या कॅप्टनना एकत्र आणण्यातही तोच पुढे होता.

आणि म्हणूनच सौदीचा मुद्दा टोचतो. 33 व्या वर्षी, संघात जागा कमी होत असताना, जास्त पैसे मिळतात तिथे जाणं हा गुन्हा नाही. त्याच जुलै 2023 मध्ये फॅबिन्योही सौदीला गेला, त्याला कोणी जाब विचारला नाही. फरक असा की हेंडरसनने इंद्रधनुषी आर्मबँड घातली होती, समलिंगी चाहत्यांच्या बाजूने तो उघडपणे बोलला होता, आणि मग समलिंगी संबंध जिथे गुन्हा आहे त्या देशात खेळायला गेला. अल-इत्तिफाक या त्याच्या सौदी क्लबने त्याच्या आगमनाची जी चित्रफीत टाकली तिच्यात ती आर्मबँड राखाडी दिसत होती. पुढे मुलाखतीत त्याने माफी मागितली. ऑक्टोबरमध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. सहा महिन्यांत सौदी सोडून तो नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला. ज्या चाहत्यांना फसवल्यासारखं वाटलं, त्यांच्या वतीने ‘सोडून द्या आता’ म्हणायचा अधिकार मला नाही, आणि बाकीच्यांनीही तो गाजवू नये. त्यांनी त्याला लेजेंड म्हणायला नकार दिला तर मी वाद घालणार नाही.

पण याने आधीची 12 वर्षं पुसली जातात का? लिव्हरपूलकडे याचं जुनं उदाहरण आहे. ग्रॅमी सूनेस, 1984 चा युरोपियन कप जिंकणारा कॅप्टन, पाच लीग विजेतेपदं. 1992 मध्ये मॅनेजर असताना त्याने आपल्या हृदयशस्त्रक्रियेची कहाणी ‘द सन’ला दिली. 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते गेले, तेव्हा त्या चाहत्यांबद्दल धादांत खोटं छापणारं हेच वर्तमानपत्र, आणि मजकूर छापून आला तो नेमका त्या दुर्घटनेच्या स्मृतिदिनी. अनेकांनी त्याला आजवर माफ केलेलं नाही. तरीही क्लबच्या सर्वोत्तम मिडफिल्डरांची यादी करताना तेच लोक सूनेसचं नाव वगळत नाहीत. राग आणि मान एकाच माणसाबद्दल एकाच वेळी बाळगता येतो, लिव्हरपूलच्या चाहत्यांनी तो तीस वर्षांहून जास्त बाळगलाय. हेंडरसनचा गुन्हा त्या मानाने लहान की मोठा, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरेल.

क्रम लावायचाच तर जेरार्ड आणि सूनेसच्या पंगतीत मी त्याला बसवणार नाही, पण कॅप्टन म्हणून वरच्या चार-पाचांत नक्की ठेवेन. त्याच संघातल्या मिडफिल्डर विनाल्डमबद्दल कोणी विचारलं, तर बार्सिलोनाविरुद्धच्या त्या सामन्यात दोन मिनिटांत दोन गोल करूनही माझं उत्तर ‘नाही’ असेल. उत्तम खेळाडू, पण लेजेंड नाही.