घड्याळ बघ, चेहरा नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री आलेला मेसेज सकाळी वाचला. आईच्या कॅन्सरच्या दुखण्यावर दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांची पट्टी कपाटात, मामाने आणलेलं तेल उशाशी, आणि उद्या अकराला रेकीवाल्या बाई यायच्यात. वर विचारतोस, 'काकू, गोळी अगदी असह्य झालं की मगच देतो, बरोबर ना?'

नाही. आईचं तू किती करतोस हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, त्यावर कागद घालवत नाही. घड्याळ बघून गोळी दे, चेहरा बघून नको. सहा, दहा, दोन, सहा, दहा. आई मालिका बघत असो, हसत असो, 'आत्ता बरंय रे, राहू दे' म्हणत असो. तिला बरं आहे ते दहाच्या गोळीमुळेच. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, मग उतरतो. दुखणं एकदा वर चढलं की तीच गोळी पुरी पडत नाही. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय उपयोग?

आणि रात्री दहाला दोन गोळ्या लिहिल्यात, ती डॉक्टरांची चूक नाही. रात्री दोनला उठवायला लागू नये म्हणून तशा लिहितात. तू घाबरून एकच दिलीस आणि ती अडीचला कण्हत उठली. मग तुम्ही दोघंही सकाळपर्यंत जागे. यात कोणाचं भलं झालं, सांग.

मधेच कळ उसळली तर जादा गोळी लिहून दिली आहे, ती दे, वेळ वहीत लिही. पण म्हणून पुढची ठरलेली गोळी गाळायची नाही.

तुझी खरी भीती वेगळी आहे. मॉर्फिन म्हणजे शेवट, नाहीतर व्यसन. मोजून-मापून वाढवत नेलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. दुखणं थांबल्यावर माणसं जेवतात, बोलतात, अंघोळीला उठतात, हे मी नर्स म्हणून वॉर्डात बघत आले. शरीराला सवय होते, म्हणून गोळी एकदम बंद करायची नसते. व्यसन ही निराळी गोष्ट. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळतं, ते ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून रोज. शेजारच्या आजींनी सांगितलेला इसबगोल ठेवून दे. मॉर्फिनने आतडी मंदावलेली, पाणी पोटात जात नाही, तिथे तो उलट अडकून बसतो. साधी झोप ओळखायला शीक. हाक मारून, हलवूनही ती नीट जागी होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढची गोळी थांबवायची आणि लगेच डॉक्टरांना फोन. घड्याळाच्या नियमाला एवढाच अपवाद. मामाचं मत हा अपवाद नव्हे.

मी याबाबतीत हट्टी आहे, खडूस आहे, असं ठाण्यात बरेच जण सांगतील. एका पेशंटच्या जावयाने माझी लेखी तक्रार केली होती, 'सिस्टर नातेवाइकांशी वाद घालतात' म्हणून. घातला वाद, पुन्हा घालीन. 1985 साली अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन ठेवायलाच रुग्णालयं कचरू लागली. 2014 साली कायदा बदलला, तोवरची वर्षं मी वॉर्डात काढली. लोकांना रात्ररात्र ओरडताना ऐकलंय आणि कपाटात द्यायला काही नसायचं. त्यांची तोंडं मला आजही आठवतात. तुझ्या कपाटात पट्टी आहे आणि तू ती जपून वापरतोस! राग येणार नाही तर काय?

हे माझ्या डोक्यातलं खूळही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात 'तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे' हे होतंच. 2018 च्या मार्गदर्शिकेत शिडीचं महत्त्व कमी झालं. घड्याळ तसंच राहिलं.

आता मामाचं तेल. मी तेलाची वैरी नाही. पाय चोळ, तळवे चोळ, हलक्या हाताने, गोळीनंतर तासाभराने. अंघोळही तेव्हाच. पण आजार मणक्यात उतरलाय, तिथे दाबायचं नाही, आणि हाडवैद्याला तर दारातूनच परत पाठव. एक पाय अचानक सुजला, गरम लागला तर चोळू नको, दाखवून घे. पुढे कधी फेंटानिलचा, म्हणजे दुखण्यावरच्याच औषधाचा, कातडीला चिकटवायचा पॅच लावला तर त्यावर गरम पाण्याची पिशवी कदापि ठेवायची नाही. उष्णतेने औषध भराभर अंगात उतरतं आणि जिवावर बेतू शकतं. आत काय आहे ते न लिहिलेल्या पुड्या बंद. असल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे, म्हणूनच 'दोन दिवसांत फरक' पडतो. रेकीवाल्या बाईंना येऊ दे, आईला कोणी शेजारी शांत बसलेलं आवडतं. अकराची वेळ चांगली आहे, दहाची गोळी तोवर लागू झालेली असते. अभंग लाव, तिच्याबरोबर सावकाश श्वास घे. याने दुखण्याची धार खरंच कमी होते, मी वॉर्डात हे सगळं करायचे. पण गोळीसोबत. बाईंनी 'आता औषध कमी करून बघा' म्हटलं, की चहा देऊन निरोप द्यायचा.

मॉर्फिन नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच खारघरला टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या अ‍ॅक्ट्रेकची फेरी ठरव. ठाण्याहून पनवेल लोकल थेट जाते, आईला न्यायलाच हवं का ते आधी फोनवर विचार. वही ने. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्टही ने, किडनी मंदावली असेल तर मॉर्फिन अंगात साचतं आणि डोस बदलावा लागतो. आणि मामाला माझा नंबर दे, मी बोलते त्याच्याशी.

तुझी,
काकू