ग्रास कटर पहिल्यांदा हातात घेताना

काजूची बेणणी, म्हणजे बागेतलं गवत काढणं, यंदा स्वतःच करणार म्हणतोस, चांगलंय. पण मशीन सुरू करायच्या आधी बागेत कोयती घेऊन एक फेरी मार. आपल्या कातळावर गवतात जांभ्याचे खडे आणि जुन्या कुंपणाची तार दडलेली असते. खडा पात्याला लागला की गोफणीतून सुटल्यासारखा जातो. माझ्या नडगीवर तशी खूण आहे. त्या दिवशी मी चपलेत होतो. तेव्हा गमबूट, जाड पँट आणि गॉगल हवाच. १५ मीटरच्या आत माणूस, कुत्रा कोणी नको. चहा आणणाऱ्यालाही बजावून ठेव, मागून येऊन खांद्याला हात लावायचा नाही.

आता पातं. वरून पाहिलं तर ते घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका दे, आणि पात्याच्या डाव्या बाजूने काप. पात्याची पुढची उजवी कड बुंध्याला किंवा दगडाला टेकली, तर मशीन झटक्यात उजवीकडे उसळतं. पट्टा नीट आवळलेला नसेल तर ते सावरत नाही. झाडाच्या आळ्यात पातं नकोच, तिथे पात्याच्या जागी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा लाव. तोही कोवळी साल सोलतो बरं का, म्हणून लहान कलमाभोवती हातभर जागा कोयतीनेच.

वेल गुंडाळला की इंजिन बंद कर, पातं थांबू दे, मग हात घाल. नुसती रेस सोडून वेल ओढणारे मी पाहिलेत. पेट्रोलही इंजिन गार झाल्यावरच भर, आणि विडी ओढणाऱ्याला तेवढा वेळ लांब पिटाळ.