जिममधल्या फोटोत मोहम्मद अली हात खाली सोडून उभा आहे. मीही तसा गार्ड (ठोसे अडवायला हात धरायची पद्धत) ठेवू का?

नका ठेवू. निदान इतक्यात तरी नकाच.

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीतल्या तुमच्या जिममध्ये अलीचा कमरेपर्यंतचा फोटो लावलाय. ठोसे मारायच्या बॅगसमोर घामाने निथळतोय, दोन्ही हात कमरेशी, आणि तुमचे सर मात्र "हात वर!" म्हणून ओरडत असतात. मी मालवणात पोरांना संध्याकाळी बॉक्सिंग शिकवतो, ही तक्रार माझ्याकडेही येते. सरांचं बरोबर आहे.

अलीचे हात खाली असायचे ते पायांच्या जिवावर. उंची 6 फूट 3 इंच, ठोसा आला की मान मागे घेऊन थोडक्यात चुकवायचा, आणि मुळात समोरच्याच्या टप्प्यात फार वेळ थांबायचाच नाही. तुमच्या फोटोत पायच नाहीत, मग हा हिशेब दिसणार कुठून? बरं, त्यालाही हे फुकटात पडलं नाही. 1963 मध्ये लंडनला हेन्री कूपरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, त्याला खाली पाडलं. पुढे तीनेक वर्षं बंदीमुळे रिंगबाहेर गेली, पाय पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि 1971 मध्ये जो फ्रेझियरच्या डाव्या हुकने 15व्या राउंडला तो पाठीवर पडला.

शिवाय फोटो सरावाचाच असेल असं धरून चालू नका. कॅमेरा दिसला की या माणसाच्या अंगात यायचं. 1961 मध्ये, चॅम्पियन व्हायच्या आधी, त्याने फ्लिप शुल्के या फोटोग्राफरला बेधडक सांगितलं की मी पाण्याखाली सराव करतो. मग मायामीतल्या एका हॉटेलच्या तलावात तळाशी उभं राहून, मुठी वळून फोटो काढून घेतले. 'लाइफ' मासिकाने ते छापले. गड्याला पोहता येत नव्हतं! आमच्या बंदरावरच्या पोरांना हे सांगितलं की लोळून हसतात.

खरा सराव ओळखायचा तर चेहऱ्याकडे बघू नका. बॅग आणि साखळी बघा: दणका बसला असेल तर बॅग मुठीजवळ आत दबलेली असते. मारणारा हात सोडून दुसरा कुठे आहे ते बघा. आणि पाय दिसत असतील तर मागची टाच. मागच्या हाताने जोर लावलाय आणि ती टाच जमिनीला चिकटलेली, म्हणजे पोज.

तुम्ही सध्या एवढंच करा. 3 मिनिटांचा राउंड लावा, मुठी गालाशी, आणि बॅगला हात न लावता नुसते तिच्याभोवती फिरा. पाय एकमेकांत अडकले की आमच्याकडे "खंय आसत रे पाय तुझे?" असं ओरडतात. दमल्यावरही हे जमायला लागलं की सरांना विचारून, हेडगार्ड घालून, हलक्या हाताने मारणाऱ्या जोडीदाराबरोबर स्पारिंगचा, म्हणजे सरावाच्या लढतीचा, एक राउंड हात खाली ठेवून खेळा. किती ठोसे लागतात ते मोजायला कुणाला तरी बाहेर उभं करा.